चालण्याचा गट : सांगलीतल्या एका वसाहतीच्या नोंदी, २०२४

दुसऱ्या कुठल्या वसाहतीला असाच गट सुरू करायचा असेल तर हाताशी असाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. जागा सांगलीची, विश्रामबागेच्या पलीकडची. जमीन काळ्या मातीची, आतले रस्ते डांबरी, एक बाग, एक सामाजिक सभागृह. गट कुणासाठी? चाळिशी ओलांडलेले, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले, आणि मुख्य म्हणजे आजवर न चालणारे. जे रोज पहाटे चालतातच त्यांना गटाची गरज नसते. पण गट काढला की आधी तेच येतात, आणि बघता बघता गट त्यांच्याच वेगाचा होऊन बसतो. पुढच्या बहुतेक नोंदी हे टाळण्याच्या खटपटीच्या आहेत.

१० जानेवारी : वेळा

बैठकीत ठरलेली वेळ होती सकाळी सहा. ती घरोघर फिरताना बाद झाली. "चालायला याल का?" असं विचारलं की सगळे "येऊ की" म्हणतात. त्याऐवजी "घरातून अर्धा तास कधी निघता येतं?" असं विचारल्यावर खरी उत्तरं मिळाली. नळाला पाणी सहा ते साडेसात. त्या वेळात बाई घर सोडत नाही. मग डबे, शाळा, धुणी. बायकांना मोकळीक संध्याकाळी साडेपाचला, चहा झाल्यावर आणि स्वयंपाकाला लागायच्या आत. दुकानदारांना आणि नोकरीवाल्या बायकांना रात्री जेवणं उरकल्यावर. पहाट जमते ती फक्त निवृत्त मंडळींना.

म्हणून तीन पाळ्या केल्या : सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. रात्रीची पाळी वीस मिनिटांचीच आणि तिला नाव शतपावली. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, हा फायदा आहेच. शिवाय शतपावलीला कुणी व्यायाम म्हणत नाही, त्यामुळे "या वयात कसला व्यायाम" ही लाज आड येत नाही.

न चालणारी माणसं शोधायला आशाताईंची, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकेची, मदत झाली. तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. त्यात कंबरेचं माप, तंबाखू, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का हे असतं, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का हाही प्रश्न असतो. नेमका आपल्याला हवा तोच. मात्र ती माहिती खासगी असते. यादी मागायची नाही. आशाताईंनी स्वतः त्या-त्या घरी जाऊन निरोप दिला, एवढंच. पत्रकं वाटून जेवढं झालं नसतं तेवढं त्यांच्या एका फेरीत झालं.

१४ जानेवारी : मार्ग मोजणं

सरळ जाऊन परत येण्याचा मार्ग घेऊ नये, वळसा घ्यावा. वळशावर माणूस थकला तरी घरापासून फार लांब नसतो, आणि जलद चालणारा एक फेरी मारून पुन्हा सावकाश चालणाऱ्याला येऊन मिळतो, कुणी कायमचं मागे पडत नाही. आमचे दोन वळसे बागेच्या बाजूला एकत्र येतात. थोरला ८२० मीटर, धाकटा २९०.

मोबाइलवर मोजलेलं अंतर दर वेळी वेगळं येत होतं. उंच इमारती, दाट झाडं आणि लहान वळणं असली की असंच होतं. मग सायकलने मोजलं. पुढच्या चाकात हवा पूर्ण भरायची, व्हॉल्व्हपाशी टायरवर खडूची खूण करायची, सपाट रस्त्यावर सरळ रेषेत चाक दहा वेळा फिरवायचं आणि ते अंतर टेपने घ्यायचं. आमचं आलं २० मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.०६ मीटर. फेरे मोजायला फोर्कला प्लास्टिकची पट्टी आणि एका आऱ्याला दोरीची गाठ बांधली; दर फेऱ्याला टक्क आवाज येतो. सायकल हातात धरून चालवायची, वर बसायचं नाही, कारण वजनाने टायर दबतो आणि माप बदलतं. ३९८ फेरे म्हणजे ८२० मीटर.

थोरल्या वळशाच्या तीन फेऱ्या साधारण अडीच किलोमीटर होतात. ताशी पाचच्या चालीने अर्धा तास. नव्या माणसाला धाकट्या वळशाच्या दोन फेऱ्या पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची.

दर १०० मीटरच्या खुणा आधी चुन्याने केल्या. गाड्यांच्या चाकांनी त्या आठवडाभरात गेल्या. ऑइल पेंटने केल्या, त्याही काही ठिकाणी पापुद्रे धरून निघाल्या. कारण दोन : डांबरावरची धूळ नीट निघाली नव्हती, आणि रंग सकाळी दव असताना लावला होता. तारेच्या ब्रशने घासून, ओल्या फडक्याने पुसून, दुपारी वाळल्यावर दोन हात दिले, ते टिकले. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा.

मार्गावरच्या अडचणी वहीत लिहून वॉर्ड ऑफिसला दिल्या : चेंबरची फुटकी झाकणं, बंद दिवे, खडी उखडलेला कोपरा. दिव्यांच्या अर्जात "बागेजवळचा दिवा" असं न लिहिता खांबाचा नंबर लिहावा, म्हणजे वायरमन सरळ त्या खांबापाशी येतो. रात्रीची पाळी दिवे लागेपर्यंत सुरू केली नाही.

२० जानेवारी : बाकं

गुडघे दुखणाऱ्यांचा पहिला प्रश्न "किती चालायचं" हा नसतो, "मधे बसायला कुठे आहे" हा असतो. बसायची सोय नसेल तर ती माणसं घराबाहेर पडतच नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. थोरल्या वळशावर चार बाकं बसवली, साधारण दर दोनशे मीटरला एक.

बाजारात मिळणारी सिमेंटची बाकं बुटकी असतात. बसल्यावर गुडघा कंबरेच्या वर येतो आणि उठताना हात टेकायला काही सापडत नाही. आमच्याकडच्या एका काकूंना त्यावरून उठायला दोघींना हात द्यावा लागला. त्यानंतर त्या बाकावर बसेनात आणि चालायलाही येईनात. बाकाखाली विटांचा थर घालून बैठक ४५ सेंटिमीटरवर आणली आणि एका कडेला लोखंडी पाइपचा हात वेल्डिंग करून पायात सिमेंटने बसवला. आता एक हात पाइपवर, एक मांडीवर, पुढे वाकून उठायचं. बाक सावलीत असावं आणि गटारापासून दूर. एवढ्या साध्या कामाने जेवढी माणसं वाढली तेवढी कुठल्याच प्रचाराने वाढली नाहीत.

२३ ते २५ जानेवारी : आधीची तपासणी

प्रत्येकाला तोंडी प्रश्न : चालताना छातीत दुखतं किंवा आवळतं का? चक्कर, बेशुद्धी? हृदयाचं ऑपरेशन, स्टेंट? इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या? पायाला बधिरपणा, जखम? गेल्या वर्षात पडणं? एखादं "हो" आलं तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग धाकटा वळसा. नाव मात्र त्याच दिवशी लिहून घ्यायचं. "डॉक्टरांना विचारून या" म्हणून परत पाठवलेला माणूस सहसा परत येत नाही. म्हणून वसाहतीतलं कुणीतरी त्याच्याबरोबर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जायचं असं ठरवलं.

पहिल्या दिवशी निम्म्या लोकांचं बीपी जास्त आलं. मशीन बिघडलं नव्हतं, मोजण्याची पद्धत बरोबर नव्हती. माणसं चालत येऊन लगेच स्टुलावर बसत होती, पाय लोंबकळत होते, गप्पा चालू होत्या. कुणी नुकता चहा घेतलेला, कुणी मिश्री लावून आलेल्या. दुसऱ्या दिवसापासून नियम केले : अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. आकडे बरेच खाली आले.

दुसरं कारण कफ. मशीनबरोबर येणारा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला असतो. जाड दंडाला तो आवळून लावला की बीपी खोटं जास्त दाखवतं. मोठा कफ वेगळा घ्यावाच लागतो. मनगटाचं मशीन स्वस्त असलं तरी घेऊ नये, हात थोडा वरखाली झाला की आकडा बदलतो.

१८०/११० किंवा त्यावर असेल तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्या दिवशी चालणं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. बरोबर छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा असेल तर वाट न पाहता १०८.

ग्लुकोमीटर घेतलं नाही. सुया, वापरलेल्या पट्ट्या, रक्त यांची विल्हेवाट सभागृहात नीट होत नाही. शुगरची तपासणी आरोग्य केंद्रातच.

२६ जानेवारी : पहिला दिवस फसला

झेंडावंदनानंतर साठेक माणसं, टी-शर्ट, बॅनर. पहिल्याच फेरीत रोज चालणारे पुढे निघून गेले, मागचे पंचवीस-तीस जण विस्कळीत झाले. शेवटच्या चौघी एकमेकींना म्हणाल्या, "आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा." पुढच्या आठवड्यात त्या चौघींपैकी एकही आली नाही, आणि गट काढला होता तो त्यांच्यासाठीच.

बदल असे केले. प्रत्येक पाळीला दोन स्वयंसेवक, एक पुढचा, एक मागचा. मागचा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही आणि त्याने कुणाला "चला, चला" म्हणायचं नाही. या कामाला गप्पिष्ट माणूस घ्यावा. चपळ माणूस नको. मागच्याच्या पिशवीत पाणी, ग्लुकोज पावडर, टॉर्च, शिट्टी, घरच्यांचे फोन नंबर. पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र, मागच्याच्या चालीने. त्यानंतर ज्याला जोरात चालायचंय त्याने खुशाल सुटावं आणि वळसा मारून परत येऊन मिळावं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सावकाश, सगळे बागेशी थांबेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

त्या चौघींच्या घरी आशाताई आणि मागच्या स्वयंसेवक मावशी दोघी गेल्या. तिघी परत आल्या.

वेगाचं माप घड्याळात ठेवलं नाही. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी धाप योग्य. संध्याकाळच्या बायका चालताना अभंग म्हणतात. अख्खं चरण एका दमात निघालं तर पाय उचला. दोन शब्दांतच दम लागला तर सावकाश.

१८ फेब्रुवारी : पाय

अंगठ्याची रबरी स्लीपर चालण्याला वाईट. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं आकसून धरावी लागतात, पोटऱ्या भरून येतात, अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा साधे कॅनव्हासचे बूट चालतात. साडीवर बूट घालायला बायका संकोचतात. मागच्या मावशींनी स्वतः घातले तेव्हा इतरींनी घातले. खरेदी संध्याकाळी करावी, दिवसभरात पाय थोडा सुजतो. लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

शुगरवाल्यांची गोष्ट वेगळी. पाय बधिर असेल तर बुटातला खडा कळत नाही. एका अण्णांच्या मोज्यावर डाग दिसला म्हणून बूट काढायला लावला, तर आत बाभळीचा काटा बुटाच्या तळातून वर आलेला, आणि त्यांना पत्ताच नव्हता. तेव्हापासून नियम : घालायच्या आधी बूट उलटा करून आपटायचा, आत हात फिरवायचा, मोजे पांढरे सुती, घरी गेल्यावर तळपाय आरशात बघायचे. बधिर पायांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या (एमसीआर) रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळतात. अंगठ्याची चप्पल त्यांना वर्ज्य.

बागेत गोट्यांचा अॅक्युप्रेशर ट्रॅक आहे. "अनवाणी चालल्याने शुगर उतरते" असं सांगून लोक एकमेकांना त्यावर चढवतात. बधिर पायाला त्याने जखम होते, ती लवकर भरत नाही, चिघळते. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी लावली : शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीलाही हेच लागू.

३ मार्च : सकाळची पाळी, रिकामं पोट

सकाळी गोळी घेऊन, काही न खाता येणारे होते. एकाला घाम, हात थरथर, बोलणं तुटक. शुगर उतरली होती. मागच्याच्या पिशवीतलं ग्लुकोज पाण्यातून दिलं, बाकावर बसवलं, पंधरा मिनिटांत सावरले. मग घरी नेऊन खायला घातलं.

तेव्हापासूनची पद्धत : काटेकोर वजन करून १५ ग्रॅम ग्लुकोजच्या पुड्या आधीच बांधून ठेवायच्या. ग्लुकोज नसेल तर तीन चमचे साखर. बिस्किटं, चॉकलेट यांनी साखर सावकाश चढते, तेवढा वेळ नसतो. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळच्या पाळीला यायच्या आधी काहीतरी खायचंच, नाहीतर संध्याकाळची पाळी घ्यायची. चालायला जाण्याआधी इन्सुलिन मांडीत घेऊ नये, चालत्या पायातून ते लवकर शोषलं जातं, पोटावर घ्यावं.

१४ मार्च : रमजान

परवापासून रोजे सुरू झाले. रोजा असणाऱ्या सभासदांनी संध्याकाळची पाळी धरली तर ती नेमकी रोजा सोडायच्या आधी येते; तेव्हा अंगात पाणी आणि साखर दोन्ही कमी. त्यांना महिनाभर ती वेळ बंद. तरावीहच्या, म्हणजे रमजानात रात्री होणाऱ्या, नमाजात बरंच उठणं-वाकणं होतं, ते व्यायामात धरलं. ज्यांना हवं त्यांनी रात्रीच्या शतपावलीला यावं. शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्याव्यात. हे रमजान लागायच्या पंधरा दिवस आधीच बोलायला हवं, आम्ही दोन दिवस नंतर बोललो आणि काहीजण तोवर यायचे थांबले होते.

२१ एप्रिल : ऊन

सकाळची पाळी सहाला, संध्याकाळची पावणेसातला. डांबर सूर्य मावळल्यावरही तापलेलंच असतं, बागेच्या बाजूचा धाकटा वळसा बरा. बागेपाशी नळाचे दोन माठ. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना उन्हाळ्यात बाकावरून झटकन उठल्यावर अंधारी येते. आधी पावलं हलवायची, मग उभं राहायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

मेमध्ये हजेरी निम्म्यावर येणार हे गृहीत धरावं. लग्नसराई, वाळवणं, लोणची, सुट्टीला आलेली नातवंडं, गावाकडची जत्रा. त्यासाठी घरचं कार्ड छापलं : तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, झाली की टिक. तीस मिनिटं तीन तुकड्यांत विभागली तरी हिशेब तोच. गावाला गेलेल्यांनी कार्ड बरोबर नेलं.

९ जून : चालणं एवढंच पुरत नाही

मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी अशा आहेत. ताकदीचा भाग चालण्याच्या गटात हमखास राहून जातो.

बागेत ओपन जिम आहे. आमच्या लोकांना त्यातलं थोडंच उपयोगी. कंबर फिरवायची गोल चकती तर वयस्कांसाठी बंदच केली. पाय घसरतो, कंबर भरते. जोर कमी-जास्त करायची सोय बहुतेक मशीनना नसते. त्याऐवजी चालण्याच्या मधे, बाकापाशीच :

बाकावरून हात न टेकता उठ-बस, दहा वेळा, दोनदा. जमत नसेल तर पाइप धरून.
कंपाउंडची भिंत धरून टाचा उचलणं, दहा ते पंधरा.
भिंतीवर हात टेकून दंड, दहा.
एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून उभं राहणं, दहा सेकंदांपासून वाढवत. शेजारी माणूस हवाच.

प्रगती पाहायला तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजतो. खुर्ची ४३ सेंटिमीटर उंच, हात छातीवर दुमडलेले, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. आधी ती टेकवली नव्हती, खुर्ची मागे सरकली, एक आजी थोडक्यात वाचल्या.

३० जून : पाऊस आणि वारी

काळी माती रस्त्यावर येते, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. छत्रीने एक हात अडकतो आणि पायाखालचं दिसत नाही. एका काकूंचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून भिजट दिवशी बाहेर चालणं बंद. सभागृह १८ बाय ९ मीटरचं. भिंतीपासून मीटरभर आतून चाललं की एक फेरी ४६ मीटर, बावीस फेऱ्या म्हणजे किलोमीटर. फेऱ्या मोजायला खिशात चिंचोके : एका खिशातून दुसऱ्या खिशात. अर्ध्यावर दिशा बदलायची, नाहीतर एकाच बाजूच्या गुडघ्यावर वळणाचा ताण येतो. दाराशी पायपुसणी दोन, ओल्या चपला बाहेर आणि आत घालायला कोरड्या वेगळ्या.

काही सभासद वारीला गेले. जायच्या आधी त्यांना तेच बूट घालून सलग दोन-दोन दिवस लांब चालायला लावलं. फोड येतात ते बहुधा नव्या चपलांनी आणि दुसऱ्या दिवशी. परत आल्यावर आठवडाभर त्यांना धाकटा वळसा.

१८ ऑगस्ट : हजेरीचा आकडा फसवा

वहीत दिवसाची एकूण माणसं चांगली दिसत होती. नावं लावून पाहिलं तर रोज तीच. ज्यांनी आधी कधी चालणं केलं नव्हतं ती गळत चालली होती आणि त्यांची जागा नेहमीचे भरत होते. आता एकूण आकडा लिहीतच नाही. न चालणाऱ्यांची नावं वहीत वेगळ्या पानावर, त्यातले महिन्याला किमान आठ वेळा किती आले तेवढंच बघायचं.

सलग तीनदा कुणी आलं नाही तर त्याच गल्लीतल्या माणसाने घरी डोकवायचं. ग्रुपवर "आज आला नाहीत?" असं टाकायचं नाही, त्याने माणूस ओशाळतो. कारणं साधी निघतात : चप्पल तुटली, सून माहेरी गेली, गुडघा सुजला, गोळ्या संपल्या. चपलेचं आणि गोळ्यांचं तिथल्या तिथे मिटतं.

मधे पावलांची स्पर्धा ठेवली होती, रोज दहा हजार. तीही बंद केली. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" होतं, तिथून तो पसरला. आमच्याकडे तीन हजारांवरून एकदम दहावर उडी मारणाऱ्या दोघांची टाच धरली, सकाळचं पहिलं पाऊल टेकवेना. ज्यांचा आकडा रोज तळाला, त्यांनी फोन दाखवणंच सोडलं. आता फक्त मिनिटं मोजायची.

१५ सप्टेंबर : मापं

गणपतीच्या गर्दीत गट आठवडाभर थांबला, तेवढ्यात सगळ्यांची मापं घेतली. वजन फारसं हललेलं नव्हतं आणि लोक हिरमुसले. नुसत्या चालण्याने वजन चटकन उतरत नाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. कंबर आणि उठ-बस यांत फरक दिसला. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी बाजूला करून. म्हणून बायकांची मापं बायकांनीच, आडोशाला. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत ती असावी असं धरतात.

बीपी उतरलेलं पाहून दोघांनी गोळ्या आपल्या मनाने सोडल्या होत्या. एकाचं पुन्हा चढलं तेव्हा कळलं. आता कार्डावर वरतीच छापलंय : गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, हे कार्ड त्यांना दाखवा. कार्डावर तारखांसकट आकडे असले की डॉक्टरही त्यावर विचार करतात.

३ नोव्हेंबर : धूर

लक्ष्मीपूजनापासून फटाक्यांचा धूर जमिनीलगत साचून राहिला. दमेकऱ्यांना चार दिवस घरीच उठ-बस. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो आणि कचरा, पालापाचोळा जाळल्याचा धूर वर जात नाही. सकाळची पाळी सातला आणली. पालापाचोळा जाळणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा बागेच्या कोपऱ्यात खड्डा करून दिला, तिकडे टाकू लागले.

८ डिसेंबर : खर्च आणि पुढची वसाहत

टेप ३५०. रंग, टर्पेंटाइन, ब्रश ५५०. बीपी मशीन २,१००, मोठा कफ ७५०. चार बाकं ११,२००, विटा, पाइप, टेम्पो १,९००. चमकणारी जाकिटं सहा, ६६०. टॉर्च दोन, ६००. कार्डं, वह्या ९००. ग्लुकोज वगैरे २००. एकूण १९,२१०. याशिवाय टी-शर्ट १०,८०० आणि बॅनर १,४००. त्या पैशांत आणखी चार बाकं आली असती. देणगीदाराला नाव दिसायला हवं असतं हे समजण्यासारखं आहे, तर ते बाकावर कोरून द्यावं; बाक टी-शर्टपेक्षा जास्त टिकतं.

पलीकडच्या वसाहतीत वळसा मोजून झाला : ६१० मीटर, एका जागी चढ. चढाच्या पायथ्याशी एक आणि माथ्यावर एक बाक हवं. मागच्या माणसाच्या कामाला तिथल्या दोघी तयार आहेत, त्या पंधरा दिवस आमच्या संध्याकाळच्या पाळीला येऊन शिकतील. बीपी मशीन आणि मोठा कफ दोन्ही वसाहतींत मिळून एकच; पहिला व तिसरा रविवार आमचा, दुसरा व चौथा त्यांचा. मशीनच्या बॅटऱ्या काढून डब्यात वेगळ्या ठेवाव्यात.